साठ गाड्यांची मोजणी: प्रकल्प नोंदी

१२ ऑगस्ट २०२३

माळ्यावरच्या सातही पेट्या आज खाली घेतल्या. दोन लोखंडी, पाच लाकडी. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा या पेट्या गणपती पेठेतल्या जुन्या ऑफिसात जमिनीवर होत्या. पाणी ओसरल्यावर कुणीतरी कागद गच्चीत वाळत घातले. वाळले ते एकमेकांना चिकटूनच, आणि तसेच परत पेटीत गेले. चार वर्षं कुणी हात लावला नाही. मीही नाही.

आता लावतेय, कारण थोरले काका ब्याण्णव वर्षांचे झाले आणि परवा जेवताना पुन्हा म्हणाले, "बाबांच्या साठ गाड्या होत्या, साठ." हे वाक्य आमच्या घरात आरतीसारखं आहे, सगळ्यांना पाठ आणि अर्थ कुणी विचारत नाही. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. साठ म्हणजे नेमक्या कुठल्या साठ, ते लिहून काढायचं, एवढाच प्रकल्प. एक फुलस्केप वही, तीन रकाने: गाडीचा नंबर, मालक, वर्ष.

बाबा म्हणजे माझे आजोबा, आणि गाड्या म्हणजे त्यांच्या मालवाहतुकीच्या पेढीचे ट्रक. पेढीचं नाव लिहिणार नाही. घरातल्या सगळ्यांना ते चालणार नाही.

१९ ऑगस्ट

पहिल्या लोखंडी पेटीत कोऱ्या लेटरहेडांचा गठ्ठा, कोपरे गंजाने लाल. मध्यभागी लांब नाकाच्या ट्रकचं चित्र, खाली गावांची ओळ: सांगली, मुंबई, पुणे, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, हुबळी. त्याखाली "हुंडेकरी व मोटार मालवाहतूकदार".

हुंडेकरी हा शब्द मोटारीच्या आधीचा. दुसऱ्याचा माल ठरलेल्या भाड्यात ठरलेल्या गावी पोचवायची हमी घेणारा तो हुंडेकरी. माल बैलावर जातो की गाड्यावर की लॉरीत, याच्याशी शब्दाला घेणं नाही. नोंद करून ठेवते. चित्रातला ट्रक आमचाच होता का, हे काकांना विचारलं. "मग कुणाचा?" असं उत्तर आलं.

२ सप्टेंबर

बऱ्याच बुकांची पुठ्ठ्याची पानं पाण्याने गेलीत, म्हणजे सालच गेलं. पण पैशांवरून काळ लागतो. रुपये-आणे-पै असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. "न.पै." असेल तर त्यानंतरचं. १९६४ च्या जूनपासून सरकारने "नये" काढून टाकलं आणि नुसते पैसे उरले, आमच्या कारकुनाने मात्र बराच काळ "न." लिहून मग खोडलेलं दिसतं.

वजनाचीही तशीच गंमत. मुंबईचा मण वेगळा आणि बंगाली मण वेगळा, म्हणून जुन्या बिल्ट्यांवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्यांवर, "बं. मण" असं स्पष्ट लिहिलेलं आहे, तो ३७ किलोच्या थोडा वर. १९६२ पासून दशमान वजनं सक्तीची झाली. त्या सालच्या बुकात एकाच पानावर वर मण आणि खाली क्विंटल आहे, मध्ये बेरीज चुकलेली. ती मी पेन्सिलीने दुरुस्त केली. मग खोडरबर घेऊन खोडली. सवय.

१० सप्टेंबर

चिकटलेली पानं सोडवायचा प्रयत्न. वाफ, मग बोथट सुरी, मग टीपकागद. चार पानं वाया घालवली. गाळाचा पापुद्रा सुटतो तेव्हा शाई त्याच्याबरोबर जाते. निळी शाई आधी जाते, कार्बन कॉपी टिकते. म्हणजे मालधन्याला दिलेली मूळ बिल्टी जिथे असेल तिथे गेली असेल, आपल्याकडे राहिलेली फिकी नक्कलच जास्त दिवस जगली.

२४ सप्टेंबर

दिवाणजींकडे गेले होते. वय ८६. १९५५ साली अठराव्या वर्षी पेढीवर लागले, पेढी बंद होईपर्यंत होते. मला पाहून उठायला लागले. बसवलं. "धाकट्या मालकीणबाई आल्या" म्हणाले. मी म्हटलं, मालकी कधीच संपली. तर म्हणाले, "तुमची संपली, आमची सवय न्हाई संपली."

जवळजवळ चार तास बोलले. रेकॉर्ड केलंय, इथे फक्त कामाचं.

सकाळी सातला ऑफिस उघडायचं. एक टेबल, दोन लोखंडी कपाटं, पुढे फळकुटांची बाकं. बाकांवर ड्रायव्हर आणि गाडीवाले बसून. व्यापाऱ्याचा माणूस यायचा: हळद इतकी पोती, मुंबई, मस्जिद बंदर. दिवाणजी भाव सांगायचे, तो एक आणा कमी सांगायचा, मग बिल्टी फाडायची. भाडं इथेच दिलं तर "पेड", तिकडे घेणाऱ्याने द्यायचं तर "टू पे". सांगलीत हळदीचा हंगाम म्हणजे दिवाणजींच्या घरी पंधरा-पंधरा दिवस दुपारचं जेवण नाही. हरिपूरच्या पेवांतून, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांतून, हळद निघायची. पेव उघडलं की लगेच माणूस आत उतरवत नाहीत, आतली हवा मारते. तोवर गाडी उभी. त्या उभ्या गाडीचा खोळंबा कुणी भरायचा यावर दर हंगामात भांडण.

"पण रेल्वे होतीच की," मी म्हटलं.

यावर त्यांनी हात जोडले, आणि जे सांगितलं ते मला इतकी वर्षं सांगलीत राहून ठाऊक नव्हतं. मिरज ते पुणे लाइन तेव्हा मीटरगेज. पुण्याहून पुढे मुंबईला ब्रॉडगेज. म्हणजे प्रत्येक पोतं पुण्याला एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात. हमाली दुप्पट, पोती फाटणार, आणि डबा कधी मिळेल याचा भरवसा नाही. लॉरीत माल एकदा भरला की थेट बाजारात. "रेल्वेच्या रुळानं आपल्या पेढीला जेवू घातलं," दिवाणजी म्हणाले. १९७० च्या सुमाराला लाइन ब्रॉडगेज झाली. त्याचा धक्का बसला का? "बसला असता. पर तवर व्यापाऱ्याला दारात माल घ्यायची सवय लागलेली."

शेवटी विचारलंच. आपल्या गाड्या किती होत्या?

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. "आपल्या म्हंजी?"

८ ऑक्टोबर

१९६३ चं बुकिंग रजिस्टर जवळजवळ पूर्ण वाचता आलं. बारा महिन्यांत १४३ वेगवेगळे गाडी नंबर. जुने नंबर, तीन इंग्रजी अक्षरं आणि आकडे. आताचा एमएच-१० यायला अजून पंचवीस वर्षं होती. काही नंबर वर्षात एकदाच येतात. काही दर आठवड्याला.

१४३ आकडा काकांना फोनवर सांगितला. खूश झाले. "बघ, मी कमीच सांगत होतो."

मी खूश नाही. एकदाच आलेली गाडी आपली कशी?

२९ ऑक्टोबर

आज मोजणीच्या बाहेरचं काहीतरी सापडलं आणि दिवस त्यातच गेला.

१९५६ ची खर्चाची वही. ऑक्टोबरपर्यंत निपाणी, बेळगाव, हुबळीच्या फेऱ्यांचा खर्च मुंबई-पुण्यासारखाच लिहिलाय: पेट्रोल, भत्ता, हमाली, किरकोळ. नोव्हेंबरपासून एक नवीन ओळ सुरू होते, "सही खर्च". दर महिन्याला. कसली सही हे कळेना, दिवाणजींना फोन केला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मोटार कायदा होता १९३९ चा. परवाना ज्या हद्दीचा, त्याच्या बाहेर जायचं तर तिकडच्या अधिकाऱ्याची प्रतिसही लागायची. रात्रीत निपाणीची तंबाखू परराज्यातून यायला लागली. कागलच्या पुढे तोच रस्ता, तीच माणसं, तोच मराठीत शिव्या देणारा हमाल, आणि गाडीला मात्र नवी सही.

सीमाप्रश्नावर घरात मोठ्या आवाजात चर्चा झालेल्या मी ऐकल्यात. त्यात हा "सही खर्च" कधी कुणी काढला नाही. वहीत तो रागाचा एकही शब्द न घालता नुसता मांडलाय, किरकोळच्या वर.

१८ नोव्हेंबर

मिरजेत एक मामा आहेत, १९५९ ला चौदाव्या वर्षी गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढले, पुढे ड्रायव्हर झाले. आता ७८. आमच्या पेढीच्या फेऱ्या त्यांनी वीस वर्षं केल्या. गाडीचा नंबर विचारायच्या आधीच त्यांनी सांगितला, आपल्या मुलांची नावं सांगावीत तसा.

पहिली गाडी बेडफर्ड, पेट्रोलची. त्याआधी पेढीकडे येणाऱ्यांत लढाईनंतर लष्कराने विकलेल्या डिस्पोजलच्या गाड्याही होत्या, त्या मामांनी फक्त उभ्या पाहिल्या. मग आली टाटा-मर्सिडीज. जमशेदपूरला १९५४ पासून बनायला लागलेली, डिझेलवर चालणारी, नाकावर तीन टोकांची चांदणी. "बेडफर्ड रडायची. ही बोलायची," मामा म्हणाले, आणि घशातून तो आवाज काढून दाखवला. त्यांची नात आतून धावत आली, बाबांना ठसका लागला म्हणून.

किन्नराचं काम: पहाटे हँडल मारणं, पाणी बघणं, ताडपत्री आवळणं, फाळक्याच्या साखळ्या बघणं, रात्री ड्रायव्हरला जागं ठेवणं. आणि घाटात ठोकळा घेऊन चालणं. खंबाटकीत आता पुण्याकडे जाणाऱ्यांना बोगदा आहे. तेव्हा जाणं-येणं दोन्ही घाटातूनच. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढायची आणि मामा मागच्या चाकाजवळ लाकडी ठोकळा धरून चालायचे. गाडी थांबली की ठोकळा चाकाखाली. एकदा झोपेत चालले. गाडी थांबली ते कळलंच नाही, ठोकळा हातातच. गाडी दोन हात मागे आली. पुढचं सांगितलं नाही, नुसता डावा पाय दाखवला, दोन बोटं नाहीत.

त्या पायाचं औषधपाणी कुणी केलं? गाडीमालकाने थोडं. पेढीने? मामा हसले. "पेढीचं काय? पेढीनं भाडं दिलं." मी वहीत तसंच लिहिलंय. काकांना वाचून दाखवताना गाळणार नाही.

खंडाळ्याला शिंग्रोबाचं देऊळ. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो, असं सांगतात. चालत्या गाडीतून नाणं टाकायचं, थांबायचं नाही. नाणं टाकायचं कामही किन्नराचंच. "मालक एक आणा द्यायचा टाकायला. मी कधीकधी अर्धाच टाकायचो." खाली उतरलं की पनवेल, शिळफाटा, मुंब्रा, ठाणे असा वळसा, खाडीवर वाशीचा पूल नव्हता. मस्जिद बंदरला गल्लीत गाडी शिरली की दोन दिवस तिथेच. हमाल म्हणतील तो भाव, ते म्हणतील ती वाराई, म्हणजे माल उतरवायची मजुरी. पुढे १९६९ ला माथाडींचा कायदा झाला. मामांचं त्यावर दोन्ही बाजूंनी मत आहे: हमालाच्या मानेवरचे घट्टे त्यांनी बघितलेत आणि हमालासाठी दोन-दोन रात्री उपाशीही झोपलेत.

आता मुद्द्याचं. गाडीच्या दारावर आमच्या पेढीचं नाव होतं. मामांनी फोटो दाखवला, दारावर एक पाय टेकवून उभे, मागे अक्षरं स्पष्ट. म्हणजे ही नक्की आपली, मी म्हटलं.

"न्हाई ओ ताई. गाडी आमच्या उस्तादाची. मालक आणि ड्रायव्हर तोच. पेढी काम देती म्हणून नाव रंगवलेलं. रंगाऱ्याचे पैसे पण उस्तादानं दिले."

दारावरचं नाव हा पुरावा बाद. याआधी फोटोंवरून भरलेल्या अकरा ओळी खोडल्या.

३ डिसेंबर

जत तालुक्यात एका गावी जुनी मर्सिडीज उभी आहे असं कळलं, भाच्याला घेऊन गेले. हौद्याच्या जागी पाण्याची टाकी. जुन्या गाड्यांचं इकडे असंच होतं: आधी मुंबई-बेंगलोर, मग उसाच्या हंगामाला, मग दुष्काळी भागात पाण्याला.

नाकावर चांदणी नाही. १९६९ ला डाइमलर-बेन्झबरोबरचा करार संपला आणि टाटांनी "टी" लावला, म्हणून तीही शक्यता होती. पण जाळीवर बोट फिरवल्यावर दोन बुजवलेली भोकं लागली. चांदणी होती, कुणीतरी काढून नेली. भाच्याने विचारलं, गाडीच्या मॉडेलचा आकडा १२१० म्हणजे काय. बारा टन एकूण वजन आणि शंभर अश्वशक्ती, मी सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या मित्राच्या कारला याच्यापेक्षा जास्त आहे."

मालकाच्या परवानगीने दारावरचा निळा रंग नखाने थोडा उकरला. खाली हिरवा. हिरव्यात पिवळी अक्षरं: "ब्लिक कॅरि", म्हणजे पब्लिक कॅरिअर. त्याखाली नावाची पहिली दोन अक्षरं. आमची नव्हेत. त्याखाली आणखी एक थर आहे, तिथे हात थांबवला, पत्रा उघडा पडून गंजला असता. मालकाने ताक दिलं. गाडी विकायची नाही म्हणाला, पण किंमत दोनदा सांगितली.

१५ जानेवारी २०२४

दुसऱ्या लोखंडी पेटीच्या तळाला वाहनकराच्या पावत्या, ऑइलपेपरमध्ये गुंडाळलेल्या, म्हणून वाचल्या. ज्याने कर भरला तो मालक, यात वाद नाही.

पेढीच्या नावाने एका वेळी जास्तीत जास्त तीन गाड्या. सगळी वर्षं मिळून पाच.

दोनदा तपासलं. पाच.

साठ नाही, चाळीस नाही. मी दिवसभर कुणाला फोन केला नाही. तिळगूळ द्यायला आलेल्या शेजारणीला वाटलं बरं नाही मला.

४ फेब्रुवारी

वही घेऊन दिवाणजींकडे. रकाने दाखवले. मध्ये मी नवीन विभागणी केली होती: "आपली" आणि "बाहेरची". आपली पाच, बाहेरची एकशे कितीतरी.

"बाहेरची" वर बोट ठेवून दिवाणजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, असा शब्द पेढीवर कधी नव्हता. तीन प्रकार होते. एक घरची गाडी. ती ठेवावी लागायची, नाहीतर व्यापारी म्हणतो हा नुसता दलाल. दुसरी मार्केटची गाडी, नाक्यावरून उचललेली, माल पोचला की विषय संपला. आणि तिसरी "आपल्याकडची". आपल्याकडची म्हणजे खतावणीत, खात्यांच्या वहीत, जिच्या नंबरचं पान आहे. तिला टायरला आगाऊ रक्कम पेढी देणार. कऱ्हाडच्या पंपावर पेढीच्या चिठ्ठीवर डिझेल. पासिंगला पैसे कमी पडले तर पेढी. बदल्यात ती गाडी दुसऱ्याचा माल भरणार नाही.

"आणि ही बाकी कधी फिटायची?"

"फिटली तर गाडी सुटायची की," दिवाणजी म्हणाले. हे ते सहज बोलले. मी सहज ऐकलं नाही. मामांचे उस्ताद वीस वर्षं आपल्याकडचे का राहिले, ते आता कळलं. निष्ठा होतीच, पण पानही होतं. तरी १९७२ च्या दुष्काळात भाडी नव्हती तेव्हा सहा महिने एकाही गाडीवाल्याकडे वसुली केली नाही, हेही दिवाणजींनीच सांगितलं, आणि त्या सालच्या वहीत ते सहा महिने खरंच कोरे आहेत. दोन्ही लिहून ठेवते. कुठलं एक खरं, हे ठरवायला मला जमत नाही.

घरी येऊन "बाहेरची" खोडलं. रकान्याला नाव दिलं "आपल्याकडची".

२५ फेब्रुवारी

काकांना सगळं सांगितलं. कराच्या पावत्या दाखवल्या. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी पावत्या डोळ्यांजवळ धरल्या, नंबर वाचले, प्रत्येक घरच्या गाडीचा ड्रायव्हर सांगितला. मग म्हणाले, "आणि ते बाकीचे दिवाळीला घरी यायचे ते? आई पंक्ती वाढायची. गाड्या खालच्या रस्त्यापासून पार नदीकडच्या वळणापर्यंत उभ्या असायच्या. मी मोजायचो."

"कुठल्या साली?"

"मुंजीनंतर मोजायला लागलो. पुढं मोठा झालो तरी मोजायचो."

मामांच्या पायाचंही वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. रात्री नऊला त्यांचा फोन आला: मिरजेच्या त्या माणसाचा पत्ता दे.

१७ मार्च

१९६३-६४ ची खतावणी. जाड, लाल कापडी, पुरात सगळ्यात खाली असलेली. तीन आठवडे लागले. रोज दहा-बारा पानं, त्याहून जास्त केली की हात घाई करतो.

गाडीवार खाती मोजली. एका गाडीची दोन पानं असतील तिथे एकच धरली. मामांच्या उस्तादाचं पान मिळालं, टायरचे दोन हप्ते थकलेले, समासात दिवाणजींच्या अक्षरात "घाटात अपघात, किन्नर जखमी, रु. १५ दिले". म्हणजे पेढीने काहीतरी दिलं होतं. मामांपर्यंत पोचलं नसावं, किंवा पंधरा रुपये लक्षात राहण्याइतके नसावेत. पुढच्या महिन्यात तेच रु. १५ उस्तादाच्या नावे, म्हणजे त्याच्या देण्यात, टाकलेले आहेत.

आतापर्यंत सत्तावन्न खाती.

शेवटची पानं एकमेकांत घट्ट बसलीत, मध्ये बोटभर गाळ सुकलेला. कडेने बघता तीन किंवा चार पानं असावीत. आज वाफ दिली नाही, पावसाळी हवा आहे. काका रोज संध्याकाळी फोन करून विचारतात. पाऊस उघडला की बसू, म्हणून सांगितलंय.